पुस्तक पुरं वाचलंस का?

दुपारचे दोन वाजले की आमच्या घरात एक ठरलेला आवाज व्हायचा. चष्म्याचं पत्र्याचं घर उघडल्याचा. मागची आवराआवर झालेली, ओटा पुसून कोरडा झालेला, आणि आत्या माजघरात खिडकीखाली पुस्तक घेऊन बसलेली. चारला दूधवाल्याची हाक येईपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही, हा घरातला अलिखित कायदा होता. माझे वडील तापट होते, पण तेही तो पाळत.

वाचनालयातून पुस्तक आणायचं काम माझ्याकडे. एका वर्गणीवर एकच पुस्तक मिळे. आळीतल्या बाकीच्या बायका आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन कादंबऱ्या संपवत आणि त्याचा थोडा तोराही मिरवत. आत्या मात्र एकेक पुस्तक तीन-तीन आठवडे ठेवी. "अजून झालं नाही, मुदत वाढवून आण," हे वाक्य मी इतक्या वेळा काउंटरवर जाऊन सांगितलं आहे, की तिथले गृहस्थ मला बघताच न विचारता वहीत नवी तारीख घालत. मला त्याची लाज वाटे. आपली आत्या अडखळत वाचते, चौथीच शिकलेली आहे ना, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढं मी मराठी घेऊन एम. ए. झालो. वर्गात तीसेक वर्षं साहित्य शिकवलं, वर्तमानपत्रांतून पुस्तकांची परीक्षणं लिहिली. आज निवृत्त होऊन बसलो असताना 'चांगला वाचक कोणाला म्हणायचं?' असा प्रश्न कोणी विचारला, तर डोळ्यांपुढं पहिल्यांदा ती मुदत वाढवून घेणारी बाईच येते. माझा नंबर बराच मागून लागतो. का, ते पुढं सांगतो. सांगताना मला थोडं अवघडही वाटणार आहे.

वाचन कमी झालं, अशी हाकाटी आपण सगळेच करतो. त्यावर उपायही चालू असतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. महाबळेश्वरजवळचं भिलार २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं. ही चांगलीच कामं आहेत. पण आपला सगळा हिशोब 'किती'चा असतो. किती पुस्तकं खपली, किती सभासद वाढले, वर्षाला पन्नास वाचली की शंभर. मुलं हल्ली यादी करून एकमेकांना पाठवतात. 'कसं वाचलं' हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. गाणं ऐकणाऱ्याला कान असावा लागतो, हे आपण मान्य करतो. वाचायला काय, अक्षरओळख झाली की झालं, अशी आपली समजूत असते.

व्लादिमीर नाबोकोव्ह हा रशियन-अमेरिकन कादंबरीकार १९४८ पासून सुमारे दहा वर्षं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात साहित्य शिकवत असे. त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९८० साली पुस्तकरूपानं आली. त्यात त्यानं एक गमतीची चाचणी सांगितली आहे. एका आडगावच्या कॉलेजात त्यानं विद्यार्थ्यांपुढं चांगल्या वाचकाची दहा लक्षणं ठेवली आणि त्यातली चार निवडायला सांगितली. वाचक एखाद्या ग्रंथमंडळाचा सभासद असावा, त्यानं नायक-नायिकेशी एकरूप व्हावं, सामाजिक-आर्थिक बाजूकडं लक्ष द्यावं, घडामोडी आणि संवाद असलेलीच गोष्ट पसंत करावी, पुस्तकावरचा सिनेमा पाहिलेला असावा, तो स्वतः होतकरू लेखक असावा, अशी ती लक्षणं होती. पोरांनी बहुतेक मतं एकरूप होण्याला, घडामोडींना आणि सामाजिक बाजूला दिली. नाबोकोव्हच्या मते उत्तर होतं उरलेली चार: कल्पनाशक्ती, स्मरणशक्ती, शब्दकोश आणि थोडीफार कलादृष्टी.

यातला शब्दकोश बघून मी पहिल्यांदा हसलो होतो. बाकीचे तीन गुण माणसाच्या आत असतात, हा चौथा फळीवर ठेवायचा. पण हा गृहस्थ शिकवायचाही तसाच, अगदी हातानं वस्तू चाचपून बघावी तसा. काफ्काच्या 'मेटॅमॉर्फसिस'मधल्या कुटुंबाच्या घराचा आराखडा तो काढून दाखवी, 'ॲना कारेनिना'तल्या आगगाडीच्या डब्यात कोण कुठं बसलं आहे हे चित्र काढून सांगे. परीक्षेत एम्मा बोव्हारीचे डोळे, हात, छत्री, केशरचना यांचं वर्णन करायला सांगे. फुलपाखरांचा तो जाणता अभ्यासक होता, तेव्हा पंखावरचे ठिपके मोजायची सवय पुस्तकातही उतरली असणार.

आपल्याकडं हा विचार बराच आधी झालेला आहे. राजशेखर हा कनौजच्या दरबारातला कवी, काळ साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत, त्यामुळे त्याच्यावर आपलाही थोडा हक्क. त्याचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला. राजशेखर म्हणतो की प्रतिभा दोन तऱ्हेची असते: लिहिणाऱ्याची ती कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची ती भावयित्री. म्हणजे वाचणाऱ्यालाही प्रतिभा लागते! मग तो वाचकांचे चार प्रकार करतो. पहिला अरोचकी. त्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी. हा शब्द जिभेला जड आहे, पण अर्थ झकास आहे: गवतासकट जेवणारा, पुढं येईल ते सगळं गिळणारा. तिसरा मत्सरी. गुण दिसले तरी याच्या तोंडून निघायचे नाहीत. चौथा तत्त्वाभिनिवेशी. हा पुस्तकाच्या गाभ्यापर्यंत जाणारा, आणि हजारात असला तर एखादा.

पहिल्या तिघांना शोधायला फार लांब जावं लागत नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवात चहाच्या टेबलाशी उभं राहिलं तरी भागतं. मी स्वतः विशीत सतृणाभ्यवहारी होतो आणि परीक्षणं लिहू लागल्यावर अरोचकी झालो. नाक मुरडलं की लोक आपल्याला जाणकार समजतात, हे मला लवकर कळलं होतं.

आता आत्याकडं वळतो.

आत्या लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परत आली ती कायमची. नवऱ्यानं तिला टाकलं होतं. घरात त्याबद्दल बोललं जात नसे आणि तीही बोलत नसे. मी कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' अभ्यासाला होतं. १९३४ पासून भागाभागांनी निघालेलं हे आत्मचरित्र. लहरी, उदार, कधी घर सोडून निघून जाणारा कवी नवरा. १८९५ साली त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायकोची ताटातूट झाली, मग ती पुन्हा त्याच्याकडं गेली आणि पुढं १९०० साली तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला. मी वर्गात शिकवत होतो तो विनोद, ती साधी घरगुती भाषा, आणि 'सोशीक भारतीय स्त्रीचं दर्शन' वगैरे. घरी आलो तर आत्याच्या मांडीवर तेच पुस्तक. मला वाटलं, हिला हे झोंबणार. टाकलेल्या बाईनं निघून गेलेल्या नवऱ्याची गोष्ट वाचायची म्हणजे काय! मी जरा जपूनच विचारलं, "आत्या, वाचवतं का गं तुला हे?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "माझं काय झालं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिचं काय झालं ते कळावं म्हणून पुस्तक घेतलंय."

मग तिनं मलाच प्रश्न घातला. "तिच्या बापाचं ते धुणं लक्षात आहे का तुझ्या?"

पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाल्यावर त्या माणसाच्या मनानं काहीतरी धसका घेतला आणि घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. मी वर्गात हा भाग विनोदाचा नमुना म्हणून वाचून दाखवला होता आणि पोरं पोट धरून हसली होती. आत्या म्हणाली, "अरे, त्या घरातली पोर आहे ती. सगळं धुऊन आत घेणाऱ्या घरातली. नवरा बाटला तरी ही आपलं सोवळं सांभाळून होती, आपला स्वयंपाक वेगळा करून खात होती. आणि मग एके दिवशी ही बाई मनाशी ठरवते, की माणसांत जात नाही, कोणाच्याही हातचं खायचं. आता हे वाचताना बापाचं धुणं आठवलं नाही, तर काय कळलं? खाल्लं, एवढंच कळलं."

मी गप्प बसलो. एम. ए. ला मला स्मृतिचित्रांवर बरे गुण होते.

नाबोकोव्हच्या यादीतली 'स्मरणशक्ती' म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. नाबोकोव्हचं नाव तोवर मी ऐकलंही नव्हतं. ही पाठांतराची स्मरणशक्ती नव्हे. दुसऱ्या पानावर लेखकानं हातात दिलेली वस्तू दोनशे पानं सांभाळून न्यायची आणि योग्य जागी ती काढून बघायची, एवढंच. शंभर वर्षांपूर्वीच्या वाचकांना हे जास्त जमत असावं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येत होती. पुढच्या अंकापर्यंत आठवडाभर यमू, तिचं सासर, तिची आई हे सगळं डोक्यात वागवायचं आणि मग पुढचं प्रकरण वाचायचं. आज आपण मालिकेचे दहा भाग एका रात्रीत संपवतो आणि आठवड्यानं नायकाचं नाव आठवत नाही.

आत्या तीन आठवडे एक पुस्तक का ठेवी, त्याचा उलगडाही मला तेव्हा झाला. पुस्तक संपलं की ती पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करी. "पहिल्यांदा काय होतंय तेच बघण्यात वेळ जातो," ती म्हणे. "कसं केलंय ते दुसऱ्यांदा दिसतं." लाडू खाताना असतं तसं. पहिला लाडू भुकेचा. पाक बरोबर उतरलाय का, ते दुसऱ्याला कळतं.

शब्दकोशाचा किस्सा वेगळा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. लहान पुस्तक, भाषा सोपी. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक तरुण मास्तर जातो, शाळा चालवतो, वाडीला तालीम बांधायला लावतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात आणि वाडी ओस पडते. झालं. दोन तासांत वाचून होते. मीही पहिल्यांदा तशीच वाचली होती आणि मेंढरांचे, रानाचे, धनगरांच्या पोटापाण्याचे जे जे शब्द कळले नाहीत त्यांवरून उडी मारली होती. 'संदर्भानं अर्थ लागतो' असं आपण म्हणतो ना! संदर्भानं अर्थ लागतो तो अंधारात भिंत हाताला लागावी तसा लागतो. आत्यानं मात्र एका वहीत शब्द उतरवून ठेवले होते आणि मंगळवारच्या बाजारात लोकर विकायला येणाऱ्या धनगरणीला एकेक विचारून अर्थ लिहून घेतले होते. तो तिचा शब्दकोश.

आमच्या वाचनालयात दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सातही खंड होते, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले. ते कुलपाच्या कपाटात असत. कसर लागू नये म्हणून कुलूप, आणि कुलूप असल्यामुळे कसरीखेरीज कोणी आत जात नसे. आज तोच कोश, शिवाय मोल्सवर्थचाही, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. खिशातला फोन काढून शब्द घातला की अर्थ पुढं. तरी आपण उडीच मारतो. मला वाटतं, शब्द अडला हे कबूल करायलाच आपल्याला जड जातं, विशेषतः मातृभाषेतला.

त्या वहीत शब्दांच्या मागच्या पानावर आत्यानं बनगरवाडीचा नकाशा काढलेला होता. नकाशा म्हणजे काय, चार रेघा. शाळा इथं, कारभाऱ्याचं घर इथं, तालमीची जागा इथं, मास्तर ज्या वाटेनं पहिल्यांदा आला ती वाट अशी. तिच्या मनात वाडी उभी होती, म्हणून ती उठून गेली तेव्हा हिला ती उठलेली दिसली. ज्याच्या मनात तालीम बांधलीच गेली नाही, त्याला ती ओस पडली म्हणून काय वाटणार? कल्पनाशक्ती म्हणजे पऱ्या आणि राक्षस नव्हेत. लेखकानं म्हटलेल्या वाटेवर आपल्या पायांनी चालता येणं, आणि लेखकानं न म्हटलेला बंगला तिथं आपल्या पदरचा न बांधणं. हे दुसरं जास्त अवघड आहे. पुस्तकात नसलेलं खूप काही आपण वाचतो आणि ते आवडलं म्हणून लेखकाला पत्र पाठवतो.

एकरूप होण्याबद्दल मात्र मला नाबोकोव्हशी थोडं भांडायचं आहे. नायकाशी एकरूप होऊन वाचणं त्याला कमअस्सल वाटे. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. ती मी सत्तरच्या दशकात वसतिगृहात वाचली आणि माझ्यासारख्या शेकडो पोरांप्रमाणे मीच पांडुरंग सांगवीकर झालो. वडिलांचे पैसे उडवावेत, परीक्षेवर पाणी सोडावं, सगळ्यांकडं तिऱ्हाइतासारखं बघावं, बोलावंही त्याच्यासारखंच. सुट्टीत मी ती कादंबरी आत्याला दिली. तिनं वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाली, "पोरगं हुशार आहे. बहीण गेल्यावर त्याचं जे होतं ते वाचवत नाही. पण तो बापाबद्दल सांगतो तेवढंच खरं धरायचं का? सांगणारा तोच आहे ना?" मी रागावलो. माझ्या वतीनं बोलणाऱ्या माणसावर ही शंका घेते म्हणजे काय! ती कादंबरीच्या सांगणाऱ्यापासून हातभर लांब उभी होती, आणि मी त्याच्या सदऱ्यात शिरलो होतो. आत शिरलेल्याला सदरा दिसत नाही.

इथवर नाबोकोव्हचं खरं. पण १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर ते पुस्तक छातीशी धरून उभा होता. वर्षभर तो वर्गात तोंड उघडून बोलला नव्हता. म्हणाला, "सर, हे आमच्याकडचं आहे." एवढंच म्हणाला. पुस्तकात आपलं घर, आपली बोली, आपल्या आईचे कष्ट असू शकतात, हे त्याला विसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं होतं. ज्यांची घरं पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या आहेत त्यांना एकरूप होण्याचं अप्रूप नसतं. ज्यांची नव्हती, त्यांनी स्वतःला तिथं शोधलं तर ते कमअस्सल वाचन म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही, आणि जमीनदाराच्या घरात वाढलेल्या नाबोकोव्हलाही नसावा. तो मुलगा पुढं त्याच पुस्तकावर माझ्याशी वादही घालू लागला. अमुक जागी लेखकानं स्वतःला फार सोडून दिलंय, तमुक जागी हात आखडला आहे, असं दाखवू लागला. म्हणजे ओळख पटवून तो दारातून आत आला, आणि आत आल्यावर घर बघू लागला. आम्ही वसतिगृहातली पोरं उंबऱ्यावरच आरसा धरून बसलो होतो.

आता ते अवघड सांगणं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहीत असे. एकदा एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाची कादंबरी आली. तालुक्याच्या गावी राहणारे गृहस्थ, पदरमोड करून छापलेलं पुस्तक, कागद साधा, मुद्रणदोष भरपूर. एका एकत्र कुटुंबाची गोष्ट होती. मजकूर शुक्रवारी द्यायचा होता. मी दोन तृतीयांश वाचली. पुढं काय असणार ते मला कळलं होतं, म्हणजे कळलं आहे असं वाटलं होतं. परीक्षणात मी लिहिलं, की थोरल्या सुनेचं पात्र सुरुवातीला एवढ्या तपशिलानं उभं करून लेखक मध्येच तिला विसरून जातो. नवशिक्या लेखकाला पात्रं सांभाळता येत नाहीत ती अशी. वाक्य मला आवडलं होतं. संपादकांनाही आवडलं. त्यांनी ते चौकटीत छापलं.

आत्या माझी कात्रणं जपून ठेवत असे. त्या रविवारी तिनं परीक्षण वाचलं आणि माझ्या टेबलावरून ते पुस्तक उचललं. पुढचा आठवडाभर दुपारी ती तेच वाचत होती. मग एका संध्याकाळी मी जेवायला बसलो असताना तिनं विचारलं, "हे पुस्तक पुरं वाचलंस का?"

मी हो म्हणालो.

ती काही बोलली नाही. भात वाढला, वर तूप घातलं आणि आत गेली. ती खोटं पकडत नसे, नुसतं बाजूला ठेवत असे.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वळणदार शाळामास्तरी अक्षर. दखल घेतल्याबद्दल आभार मानले होते. शेवटी एक ओळ होती, की सवड झाल्यास पृष्ठ २११ पासून पुढे पाहावे. राग नाही, तक्रार नाही. मी कार्ड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात. उत्तर पाठवलं नाही. खुलासा छापायला हवा होता, तोही छापला नाही.

ते पुस्तक मी बाहेर काढलं दोन वर्षांनी, मुंबईहून येताना गाडीत वाचायला काही नव्हतं म्हणून. पहिल्यापासून वाचलं. कादंबरी थोर नव्हती, हे आजही म्हणेन. पाल्हाळ होता, उपदेश होता. पण थोरली सून २११ व्या पानावर परत येते आणि शेवटची चाळीस पानं तिची आहेत. मधली शंभर पानं ती नाही, कारण त्या घरात तिचं नसणं कोणाच्या लक्षातच आलेलं नाही. घरच्यांच्या नाही, आणि वाचकाच्याही नाही. लेखक तिला विसरला नव्हता. विसरावं म्हणून त्यानं मला मुद्दाम वाव दिला होता, आणि मी त्याप्रमाणे विसरलोही होतो. फक्त दोष त्याच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो.

मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. परत पोस्टकार्डच आलं. पुस्तक आपण पुरतं वाचलंत याचा आनंद झाला, असं त्यात होतं. पुढचं काही लिहिता आहात का, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: नंतर काही लिहिलं नाही.

माझ्या एका परीक्षणानं कोणी लिहायचं थांबतं, असं मानणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं झालं. वय असेल, पैसे संपले असतील. मला ते कधी विचारता आलं नाही. त्यानंतर मात्र पुस्तकाचं शेवटचं पान उलटल्याशिवाय मी परीक्षणाचा कागद पुढं ओढला नाही. त्यामुळं परीक्षणं उशिरा जाऊ लागली आणि हळूहळू मागणीही कमी झाली. संपादकांचं त्यात काही चुकलं असं नाही. शुक्रवार त्यांनाही असतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आत्याचे डोळे गेले. काचबिंदू फार उशिरा ध्यानात आला. चष्म्याचं घर खिडकीत तसंच असे, तिला ते तिथं लागे. आता 'ऑडिओ बुक' निघाली आहेत, कानात यंत्र घालून कादंबरी ऐकता येते. तेव्हा ते नव्हतं. मग दुपारी तास नसला की मी तिला वाचून दाखवू लागलो. दोन ते चार.

माणसाला वाचून दाखवताना आपण कसं वाचतो ते उघडं पडतं. डोळे पुढं पळतात, जीभ मागं राहते. वर्णन आलं की आवाज सपाट होतो, संवाद आला की चढतो. आत्या भिंतीला टेकून बसलेली असे आणि मधेच हात वर करी. थांब. मी थांबे. ती मनात काहीतरी लावून घेई आणि मान हलवी. मग पुढं.

एकदा तिनं पुन्हा 'बनगरवाडी' मागितली. किती वेळा झाली असेल कोण जाणे. उन्हाळ्याचे दिवस, मला पाचला कुठंतरी व्याख्यानाला जायचं होतं. मास्तर पहाटे घरून निघून वाडीकडं चालत जातो तो सुरुवातीचा भाग होता. रस्ता, अंधार, रान. मी भराभर पुढं सरकत होतो.

हात वर झाला.

"मधलं गाळलंस."

"दोनच ओळी गं. नुसती वाट आहे त्यात."

"त्याच वाटेनं जायचंय ना आपल्याला," आत्या म्हणाली. "मागं जा."

मी बोट वरच्या ओळीवर नेलं आणि पुन्हा सुरुवात केली. चारला दूधवाल्यानं हाक दिली तेव्हा आमचं जेमतेम दीड पान झालं होतं.